कॅटलॉगातला टन आणि काट्यावरचा टन: पिकअप घेण्याआधी

"दाजी, तेराशे किलो भाराची पिकअप घेऊ का सतराशेची? का मोठी घेऊन मागं ट्रॉली जोडू?" मेव्हण्यानं परवा फोन केला. पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळांवरनं गूळ उचलून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात घालायचा, आणि जमलं तर गगनबावड्यानं खाली कोकणातही न्यायचा, असा त्याचा बेत आहे. शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे आणि अकरा वर्षं दारात पिकअप आहे. फोनवर तोडून सांगण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून हे लिहायला बसलो. असाच पेच आणखी कुणाला पडला असेल तर त्यालाही उपयोग होईल.

बाजारात नावं पुष्कळ आहेत. १,३०० किलोत बोलेरो पिकअप आणि इंट्रा व्ही३०, दीड टनात इंट्रा व्ही५०, १,७०० मध्ये मोठी बोलेरो, दोन टनात योद्धा २.० आणि बोलेरो मॅक्सची वरची गाडी. शोरूममध्ये टनाचा हा आकडा मोठ्या अक्षरात लावलेला असतो. गुळासाठी तो जसाच्या तसा धरायचा नाही.

आरसीवर दोन वजनं असतात, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं. त्यातली वजाबाकी म्हणजे तुमचा हक्काचा भार. पण मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे तिच्यात ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस धरत नाहीत. म्हणजे ती दोन माणसं तुमच्या भारातनं जातात. गाडी पासिंग झाल्यावर आपण लोखंडी जाळी चढवतो, ती त्या कागदावर नसते. माझ्या गाडीची जाळी १२० किलो भरली. ताडपत्री, दोर, जॅक, हत्यारांची पेटी मिळून २० किलो, दोन माणसं १४० किलो. एकूण २८० किलो. गुळाचा एक रवा, म्हणजे ढेप, चढायच्या आधी एवढा भार झालेला असतो.

३० किलोचा रवा धरून हिशेब मांडतो:

तेराशेची गाडी: कॅटलॉगप्रमाणे ४३ रवे, प्रत्यक्षात ३४.
सतराशेची: कॅटलॉगप्रमाणे ५६, प्रत्यक्षात ४७.
दोन टनाची: कॅटलॉगप्रमाणे ६६, प्रत्यक्षात ५७.

२८० किलो तिन्ही गाड्यांत तेवढेच जातात, पण लहान गाडीत तो वाटा पाचव्या हिश्श्याहून जास्त होतो. तेराशेची गाडी स्वस्त पडते असं म्हणणाऱ्यानं दर टनाची किंमत या दुसऱ्या आकड्यावर काढावी.

आमच्या फौंड्रीच्या मालात हा घोळ आणखी वाढतो, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, डोळ्याला फसवतं. एक घनमीटर बिडाचं वजन सात हजार किलोच्या वर जातं. हौद्याच्या तळाला कास्टिंगचा एक थर लागला की गाडी रिकामीच दिसते आणि हमाल म्हणतो, "मालक, अजून निम्मी मोकळी हाय." भार मात्र तिथंच संपलेला असतो. वैरण किंवा कोबी भरणाऱ्याचं उलट, त्याचा हौदा आधी भरतो आणि वजन मागं राहतं. त्याला तेराशेची लांब हौद्याची गाडी खुशाल चालेल.

यावर आपल्याकडचा ठरलेला तोडगा म्हणजे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवणं. पाटे वाढवले की गाडी मागनं बसत नाही, हे खरं. पण अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच आणि टायरवर छापलेला भारही तोच राहतो. आरसीवरचा आकडा पाट्यांनी वाढत नाही. उलट, मागचा भाग दबला की गाडी आपल्याला इशारा देत असते, तो इशारा पाट्यांमुळं बंद पडतो. हे मी स्वतःच्या गाडीवर करून बसलोय.

चार वर्षांपूर्वी कास्टिंग घेऊन करूळ घाट उतरत होतो. गाडी तेराशेची आणि माल एकोणीसशे किलो. चढाला इंजिन कुठंही कमी पडलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होतो. निम्म्या घाटात ब्रेकचं लायनर जळल्याचा वास आला. दुसऱ्या वळणाला पेडल स्पंजासारखं आत गेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं, जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं, आणि नळीत वाफ झाली की पायाचा दाब चाकापर्यंत पोचत नाही. पहिल्या गिअरवर आणून, हँडब्रेक ओढून, डोंगराच्या अंगाला गाडी टेकवली. शेजारी पोरगा बसला होता. दोन तास ड्रम गार व्हायची वाट बघितली. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नसतं, तडा जातो, एवढं तरी ठाऊक होतं. त्या दिवसापासून ताकदीचा आकडा कुणी सांगितला की मी पहिल्यांदा ब्रेकचं विचारतो.

हिशेबच बघा. तीन हजार किलोची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात साधारण नऊ लिटर पाणी उकळेल. खालच्या गिअरवर ठेवली तर त्यातला बराच भाग इंजिन घेतं. न्यूट्रलवर सोडली तर सगळा ब्रेकवर.

आता ट्रॉलीचं. मेव्हण्याचं म्हणणं असं की हौद्यात मावत नाही ते मागं ओढू. परदेशातल्या जाहिराती बघून हा विचार डोक्यात बसतो. ऑस्ट्रेलियात हायलक्स ३,५०० किलो ओढते असं छापतात, पण ते ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असतील तर. बिनब्रेकच्या ट्रॉलीला तीच गाडी ७५० किलोवर थांबते. अमेरिकेत जे२८०७ नावाची चाचणी आहे. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर गाडी ट्रॉलीसकट चढवतात आणि गाडीत ६८ किलोची दोनच माणसं धरतात. त्यावरनं पाच-सहा टनांचे आकडे छापले जातात.

ते आकडे घरच्या वापरात का टिकत नाहीत, हे आपल्या बैलगाडीवाल्याला लगेच कळेल. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढं जास्त झाला की जू मानेवर बसतं. ट्रॉलीचंही तसंच. तिच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. त्याहून कमी आला तर वेगात ट्रॉली शेपटी हलवायला लागते आणि गाडीला घेऊन जाते. बरोबर आला, तर तो भार पिकअपच्याच पाठीवर पडतो आणि हौद्याच्या भारातनं वजा होतो. समजा तिकडच्या एखाद्या पिकअपचा भार ६८० किलो आहे. घरची चार माणसं २८०, सामान ७०, हुक ३०. उरले ३००. तेरा टक्क्यांनी भागलं की ट्रॉली फार तर २,३०० किलोची. जाहिरातीत मात्र पाच हजारांच्या वर लिहिलेलं असतं. इंजिन ओढेलही, पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं.

आपल्याकडच्या मालवाहू पिकअपच्या कॅटलॉगात ओढण्याचा आकडा दिलेला नसेल, तर वेल्डिंगवाल्याकडून हुक मारून तो तयार होत नाही. कायद्यानं ट्रॉली स्वतंत्र वाहन आहे, तिचं पासिंग वेगळं करावं लागतं. ट्रॅक्टरची ट्रॉली बघून पिकअपची तुलना करू नका. ट्रॅक्टरचा वेग कमी असतो आणि त्याची बांधणीच ओढण्यासाठी असते. पिकअप हायवेला साठ-सत्तरनं जाते. मागं बिनब्रेकची दोन टनाची ट्रॉली असली तर घाटात दर १०० मीटरला आणखी सहा लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता त्याच चार चाकांवर येते.

दंडाचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो: २०१९ पासून जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,०००, शिवाय माल उतरवायचा खर्च. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, ते वेगळंच.

मेव्हण्याला मी सतराशेची सांगितली. यार्डाची खेप ४५ रव्यांची धरायची, कोकणात जाताना ४० च न्यायचे आणि निघण्याआधी ब्रेक ऑइल बदलून घ्यायचं. दोन टनाची रोज भरणार असेल तरच परवडेल, आणि गुऱ्हाळं काही बारा महिने चालत नाहीत. ट्रॉलीचा नाद सोडायला लावला.

त्यानं उचगावात एक वापरलेली सतराशेची बघून ठेवलीय. पाटे वाढवलेले आहेत आणि जाळी जाड आहे. गुरुवारी ती आधी रिकामी काट्यावर चढवणार आहोत आणि पावती आरसीशेजारी ठेवून मगच भावाचं बोलणार आहोत.