टेपचं शून्य फोटोत नव्हतं

हे लिहायला तीन आठवडे घेतले, कारण लाज वाटत होती. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. साडेचार महिन्यांचा पगार, १४ महिने थोडा थोडा बाजूला टाकून साठवलेला, एका वापरलेल्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या) माउंटन सायकलवर गेला. आणि जी सायकल मी ठरवली होती ती आलीच नाही. दुसरीच आली.

पैसे घेऊन गायब होणारे विक्रेते सगळ्यांना माहीत आहेत. म्हणूनच मी गाफील राहिलो. हा माणूस गायब झाला नाही. फोन उचलत होता, सायकल पाठवली, खोकंसुद्धा नीट बांधलेलं होतं.

मला काही कळत नव्हतं असं कृपा करून समजू नका. चार वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) चालवतोय. मी जातो त्या ट्रेलवर, म्हणजे झाडांमधल्या पायवाटेवर, सरळ रेघ कुठे नाहीच. दोन खोडांमधून हँडल जेमतेम निघतं, लगेच उलटं वळण, मुळांचा उतार, पुन्हा वळण. वेग फार कधी चढत नाही. तिथे लांबलचक सायकल आणि भरपूर ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबायची लांबी) म्हणजे ओझं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ट्रॅव्हल मागे १३० मिमी, पुढे १४०, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन) ६६ ते ६७ अंश, चेनस्टे (पेडलच्या धुरीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर) ४३५ मिमीच्या आत, आणि माझ्या उंचीला व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ११८० मिमीच्या पुढे नको. महिनाभर जॉमेट्रीचे तक्ते वाचून मी हे ठरवलं होतं.

तो किमतीवर आलाच नाही. आधी माझी उंची विचारली, मग ट्रेल कशी आहे ते. “दादा, एवढी वळणं असतील तर १६० ची एन्ड्युरो (वेगवान उतारांसाठीची सायकल) घेऊच नका. हळू वेगात पुढचं चाक आत पडतं. माझी १३० वाली तुमच्यासाठीच आहे.” सल्ला शब्दन् शब्द खरा होता. लबाड माणसाला विषयातलं कळत नसतं असं आपण धरून चालतो. याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

पैसे असे गेले. ३० टक्के सायकल राखून ठेवायला. चार दिवसांनी १५ टक्के, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आणि शॉकची (मागच्या सस्पेन्शनची) सर्व्हिस करून देतो म्हणून. उरलेले ५५ टक्के खोकं निघायच्या आधी. तिन्ही वेळा ओळखीच्या माणसाला पैसे पाठवायचा पर्याय वापरला, कारण खरेदीच्या पर्यायाला शुल्क पडतं आणि “ते उगाच कशाला भरायचं दादा”. त्या शुल्कातच खरेदीदाराचं संरक्षण होतं. शुल्क भरा. विक्रेता नको म्हणाला तर तिथेच थांबा.

आता तो फोटो. अजून रोज रात्री उघडून बघतो. मी व्हीलबेस मोजून मागितला होता आणि त्याने दहा मिनिटांत फोटो पाठवला. पुढच्या ॲक्सलवर (चाकाच्या आसावर) पिवळा टेप धरलेला, अंगठ्याच्या नखाशी आकडा स्वच्छ दिसतोय, ११७६. मागचं चाक मात्र अर्धंच आलंय. टेपचं हुक, जिथून शून्य सुरू होतं ते टोक, फोटोच्या बाहेर आहे. ते मागच्या ॲक्सलवर लावलंय की सहा सेंटिमीटर पुढे, कळायला मार्गच नाही. मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला होता! पण आकडा वाचायला मोठा केला, टोक शोधायला नाही. मला ११७६ हवं होतं, ११७६ दिसलं, आणि मी “मस्त” लिहून पाठवलं. “दोन्ही टोकं एका फोटोत दाखवा”, एवढे पाच शब्द लिहायचे होते.

दुसरी खूणही होतीच. सगळी सायकल चकाचक, चेनसुद्धा पुसलेली, आणि बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या धुरीच्या, खाली, जिथे बहुतेक फ्रेमवर सिरियल नंबर असतो, नेमका तेवढाच भाग चिखलाने माखलेला. “धुऊन पाठवतो” म्हणाला. मी नंबरचा फोटो पुन्हा मागितला नाही. सर्व्हिसचे पैसे देऊन झाले होते, आता संशय घेतला तर बरं दिसणार नाही असं वाटलं. कोणाला बरं दिसणार नाही? मीच गिऱ्हाईक होतो.

पहिल्याच फेरीत, रोज बसून काढतो त्या वळणावर, पुढचं चाक बाहेरच्या मुळावर गेलं आणि मी थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, तेच. वाटलं, सवय नाही. एक आठवडा मी स्वतःलाच दोष देत राहिलो, आणि याचा राग मला पैशांपेक्षा जास्त येतो. शेवटी मित्राने टेप लावला. १२३८. तब्बल ६२ मिमी जास्त. हेड अँगल ६४. फोर्क १६० चा. शॉकवर २३० × ६० हे माप छापलेलं; फ्रेमवर ज्या मॉडेलचं नाव होतं त्याला २१० × ५० चा शॉक लागतो. ती सायकलच वेगळी होती, वर नाव दुसऱ्या मॉडेलचं चिकटवलेलं. ओल्या फडक्याने स्टिकरचा कोपरा उचलला तर खाली जुन्या अक्षरांची सावली दिसली. डाउनट्यूबवरची (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची) संरक्षक फिल्म काढली तर हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) वेल्डजवळ पुट्टी भरून रंगवलेली चीर. मेकॅनिकने नखाने खरवडली आणि भुकटी पडली. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला चीर गेली की नुसती बुजवून ताकद परत येत नाही, आणि हीच जागा पुढच्या चाकाचा प्रत्येक हादरा झेलते. म्हणजे उतारावर तोंडावर आपटायचीही सोय त्याने करून ठेवली होती.

फोन केला तर म्हणतो, “शॉकमध्ये हवेचा दाब वाढवा, १३० सारखीच वाटेल.” दाबाने सस्पेन्शन कडक होतं. व्हीलबेस आखूड होत नाही. हे त्यालाही माहीत आहे. त्यानंतर नंबर बंद.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी “सायकलसाठी एवढं?” असं विचारलं. मी रक्कम सांगितली तेव्हा मान वर केली, मग म्हणाले, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला, मग हा दिवाणी मामला. मी व्हीलबेस समजावला, फोटो दाखवले, चीर दाखवली. अर्जात शेवटी काय लिहिलं? “निळी सायकल, गिअरची.” फ्रेमचा नंबर लिहा म्हटलं तर तो घासून काढलेला, नंबर नाही तर ओळख कशी पटवणार, असा प्रश्न मलाच. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पासवर्ड तुमचा, आम्ही काय करणार. पैसे पाठवायच्या ॲपने तीन ओळींचं तयार उत्तर दिलं. विक्रीच्या संकेतस्थळाने “वस्तू पोहोचली” अशी नोंद करून तक्रार बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. सहा वेळा. फ्रेम बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच. प्रत्येकाने दुसऱ्याकडे जायला सांगितलं आणि प्रत्येकाने मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. एकानेही त्या माणसाला एक फोन केला नाही.

वापरलेली घेणार असाल तर सिरियल नंबर आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद एकाच फोटोत मागा. शॉकवर छापलेली मापं वाचा आणि त्या मॉडेलच्या मूळ मापांशी ताडून बघा. कारखान्याच्या मापापेक्षा २० मिमी लांब फोर्क लावला तरी हेड अँगल जवळपास एका अंशाने बदलतो, तेव्हा फोर्कचंही विचारा. फिल्म लावलेली असेल तर काढून दाखवायला सांगा. आणि सर्व्हिसचे पैसे आगाऊ कधीच देऊ नका, पावती दिसेपर्यंत एक पैसाही नाही.

काल जाहिराती चाळताना तोच टेप पुन्हा दिसला. सायकल हिरवी, विक्रेत्याचं नाव वेगळं, मागचं चाक तसंच अर्धं कापलेलं. ११५० च्या आकड्याशेजारी काळ्या शाईचा डाग आहे, तो बघा.