जुन्या पिकअपला खालचा दम हवाय: गिअर, कॅम की मोठं इंजिन?

माल भरला की चढावर गाडी रडायला लागते आणि मालक हॉर्सपॉवरचे आकडे चाळायला लागतो. ते आकडे बहुधा 5000 आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वरचे असतात. ट्रेलर ओढणारं जुनं पेट्रोल व्ही8 मात्र बहुतेक वेळ 1500 ते 3000 च्या दरम्यानच फिरतं. पाउंड-फूटमधला टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले 5252 म्हणजे हॉर्सपॉवर. म्हणजे टॉर्क जराही न वाढवता तो नुसता वरच्या आरपीएमला नेला, तरी आकडा फुगतो. म्हणून कुठलाही पार्ट घेताना एवढंच विचारायचं: 2000 ला काय मिळणार?

त्याआधी इंजिन मुळात धड आहे का, ते बघा. बॅटरीची वायर काढा, डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप उघडा आणि क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने थोडं फिरवा. मग सावकाश उलटं फिरवत कॅपखालचा रोटर कधी हलतो ते पाहा. पुलीवरची खूण आठ-दहा अंश सरकली तरी रोटर ढिम्म असेल, तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) सैल झाली आहे. अशा वेळी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागे पडतो, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि कमी वेगात पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण आत नेणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. सत्तरच्या दशकातल्या कित्येक इंजिनांत कॅमच्या चाकाचे दात नायलॉनचे असत, ते झिजून तुकडे पडतात. नवा चेन-सेट आणि नीट लावलेलं इग्निशन टायमिंग एवढ्यानेच काही गाड्या जाग्या होतात.

इंजिन ठीक निघालं तर पहिली तुलना गिअर आणि कॅम यांची. इथे माझं मत स्पष्ट आहे: आधी गिअर. मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) 3.08 असेल आणि क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) बदलून तो 3.73 केला, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क 21 टक्क्यांनी वाढतो. एवढी वाढ नुसत्या कॅममधून 2000 आरपीएमला मिळवून दाखवणं अवघड आहे. पूर्वीच्या मालकाने दिसायला बरे म्हणून 28 इंचांऐवजी 31 इंचांचे टायर चढवले असतील, तर तुमचा 3.08 आधीच 2.78 सारखा वागतोय. मग इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. तोटा हायवेवर कळतो: त्याच वेगाला आरपीएम 21 टक्के जास्त, म्हणजे आवाज जास्त आणि पेट्रोलही. शिवाय स्पीडोमीटर पुन्हा जुळवावा लागतो.

कॅम बदलायचाच असेल तर लहान घ्या. 0.050 इंच लिफ्टला साधारण 204 ते 214 अंशांचा (व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो त्याचं माप) कॅम 350 क्युबिक इंचाच्या इंजिनाला खाली भरपूर ओढ देतो आणि आयडलही शांत राहतो. 230 च्या पुढचा कॅम उभ्या गाडीत छान घुमतो, पण खालचा टॉर्क खातो. व्हॅक्यूम इतका पडतो की पॉवर ब्रेकचं पेडल कडक होतं. आणखी एक, फ्लॅट टॅपेट कॅम (ज्याचे लोब, म्हणजे उंचवटे, रोलरशिवाय थेट टॅपेटवर घासतात) असेल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर सोडायचा नाही. वीसेक मिनिटं 2000 च्या वर ठेवायचा आणि तेलही झिंक जास्त असलेलंच घालायचं. नाहीतर नव्या कॅमचे लोब पहिल्याच दिवशी घासून जातात.

सोबतचे पार्ट याच हिशेबाने घ्यायचे. ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड घ्या, सिंगल-प्लेनचा फायदा वरच्या आरपीएमला. कार्ब्युरेटर 600 सीएफएमचा (मिनिटाला 600 घनफूट हवेचा), व्हॅक्यूम सेकंडरीवाला (दुसरी जोडी गरजेपुरती, व्हॅक्यूमने उघडणारा). 750 चा डबल-पंपर (दोन्ही जोड्यांना वेगळा इंधन-पंप असलेला) रेसवाल्यांना राहू द्या. हेडचे पोर्टही (मिश्रणाच्या वाटा) फार मोठे नकोत, कारण कमी वेगात हवेची गती मेली की सिलिंडर नीट भरत नाही. हेडर्सनी (एक्झॉस्टच्या स्वतंत्र नळ्यांनी) थोडा फरक पडतो, पण गॅस्केट आणि गंजलेले बोल्ट यांचा वैताग पाहता मी ते शेवटी ठेवेन.

इंजिन उघडायचंच ठरलं असेल, तर चित्र बदलतं. शेव्हरोले 350 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 0.030 इंचांनी वाढवायचा आणि 3.48 ऐवजी 3.75 इंच स्ट्रोकचा (पिस्टनच्या चालीचा) क्रँक टाकायचा, की 383 क्युबिक इंचांचं इंजिन तयार. क्षमता साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढते आणि टॉर्क अगदी खालपासून वाढतो, फक्त शिखरावर नाही. मात्र रॉडचे बोल्ट ब्लॉकला लागू नयेत म्हणून त्याच्या खालच्या कडा घासाव्या लागतात आणि बॅलन्सिंगही नव्याने करावं लागतं. रूट्स सुपरचार्जरही (इंजिनाच्या पट्ट्यावर चालून हवा आत कोंबणारा) खालपासून ओढतो. पण जुन्या ब्लॉकवर नॉकिंग, गरम होणं आणि इंधनाचं गणित हे सगळं अंगावर घ्यावं लागतं. रोजच्या कामाच्या गाडीत मी 383 च्याच बाजूने आहे, तेही इंजिन ओव्हरहॉलला आलं असेल तरच.

गाडीत टीएच350 हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर अजून एक वाट आहे, आणि ती फार कमी लोक आधी तपासतात. त्याचा पहिला गिअर 2.52 चा, तर चार गिअरच्या 700आर4 चा 3.06. वर 0.70 चा ओव्हरड्राइव्ह (इंजिन सावकाश फिरू देणारा टॉप गिअर) मिळतो. 3.73 सोबत तो बसवला तर पहिल्या गिअरमधली ओढ मूळच्या जवळपास दीडपट होते आणि टॉप गिअरमध्ये एकूण रेशो 2.61 वर येतो, म्हणजे 3.08 पेक्षाही शांत. मात्र भरल्या ट्रेलरसह ओव्हरड्राइव्हमध्ये चालवायचं नाही, वेगळा ऑइल कूलर लावायचा आणि कार्ब्युरेटरकडून येणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल अचूक बसवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेरही काढायची नाही. ती ढिली राहिली तर आत प्रेशर कमी पडतं आणि क्लच-प्लेट बघता बघता जळतात.