पोरगं दारूत, काउन्सेलिंग आईबापाचं (सात रस्ता, सोलापूर)

भाचा दारूत पार अडकलाय म्हणून ताई-दाजींना घेऊन इथं काउन्सेलिंगला गेलो होतो, पोरगा आला नाही तरी चालतं म्हणाले ते बरं वाटलं. काउन्सेलर मॅडम गोड बिड बोलत नाहीत हां, बसल्या बसल्या ताईला विचारलं की त्याची टपरीवरची उधारी कोण भागवतं आणि चादर कारखान्यात मालकाला "ताप आलाय" म्हणून फोन कोण करतं, ताई गप्पच. मग नीट समजावलं, जेवण आणि उपचाराला नाही म्हणायचं नाही पण रोख पैसे, फोनपे, उधारी सगळं बंद, आणि दाजींनी बंद करायचं अन् आजीनं गुपचूप शंभराची नोट सरकवायची असलं चालणार नाही, घरात सगळ्यांचं एकच उत्तर पाहिजे. (आमच्यात खरा घोळ आजीचाच.) एक मात्र बजावून सांगितलं, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही, फिट येऊ शकते, डॉक्टर लागतोच. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर पण दिला.

वेटिंग लई, सहाची वेळ म्हणजे सात धराच, पंखा नुसता नावाला, मे महिन्यात जाणार असाल तर पाण्याची बाटली न्या. चार स्टार, एक पंख्याचा कापला.