घरी केलेलं डेंटिंग-पेंटिंग : आठ महिने आणि एक पावसाळा काढल्यानंतर

जानेवारीत कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर, बालिंग्याच्या पुढं, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडत होतो. मागच्या ट्रॉलीनं झोल खाल्ला आणि तिचा लोखंडी अँगल आमच्या वॅगनआरच्या डाव्या अंगावरून घासत गेला. कुणाला लागलं नाही, हे आधी सांगतो. पण मागच्या दाराला बशीएवढा पोचा, त्यातून मागच्या फेंडरपर्यंत, म्हणजे चाकावरच्या पत्र्यापर्यंत, हातभर ओरखडा, फेंडरवर पत्रा उघडा आणि बंपरचा कोपरा खरवडलेला. ट्रॅक्टरवाल्याला बहुतेक कळलंही नाही.

गाडी २०१२ ची, चंदेरी रंगाची. गॅरेजमध्ये विचारलं तर दोन पॅनल, बंपर आणि दाराखालचा पत्रा मिळून चौदा हजार सांगितले. विम्याचा विचार केला. पाच वर्षं क्लेम न केल्यानं नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, पन्नास टक्क्यांवर होता. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो, पुन्हा वीस टक्क्यांपासून सुरुवात. वर हजार रुपये आपल्यालाच भरायचे असतात. जुन्या गाडीसाठी तो हिशेब बसेना. म्हणून फेब्रुवारीत फुलेवाडीतल्या घराच्या शेडखाली काम काढलं. पाच रविवार आणि मधल्या काही संध्याकाळी लागल्या, सामानाला साडेचार हजारांच्या आसपास गेले. आता ऑक्टोबर संपत आलाय. रंग वाळल्यावर सगळंच छान दिसतं, म्हणून लिहायची घाई केली नाही. आपल्याकडचा पाऊस अंगावर घेतल्यावर काय टिकलं आणि काय नाही, ते आता सांगतो.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री राहतात. उद्यमनगरात चाळीस वर्षं डेंटिंग केलं, आता घरीच असतात. त्यांना म्हटलं, "मामा, काम मीच करतो, तुम्ही फक्त बसून बघा." ते आले, खुर्ची टाकून बसले आणि पहिली हातोडी मारायच्या आतच म्हणाले, "मधी हाणू नकोस. पत्रा पसरतोय. कडंकडंनं आत ये."

हे मला माहीत नव्हतं. पोच्याच्या मधोमध जोरात ठोकलं की पत्रा ताणला जातो, मग तो जागेवर बसतच नाही, डब्याच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर होत राहतो. दाराचं आतलं कव्हर काढलं, बाहेरून लोखंडी डॉली (टेका द्यायचा ठोकळा) धरली आणि आतून लाकडी दांड्यानं कडेपासून गोल गोल फिरत हळूहळू वर आणलं. दीड तास गेला. ऐंशी टक्के पोचा पत्र्यातच निघाला. बाकीचं लांबीवर, म्हणजे खड्डा भरायच्या पुट्टीवर, सोडलं.

लांबीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण घरी काम करणारे बहुतेक जण इथंच फसतात. लांबी पॉलिएस्टरची असते, तिच्यात हार्डनर मिसळायचा. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम, फार तर तीन. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर पुढं वरच्या रंगात डाग उठतात. मिसळल्यावर हातात चार-पाच मिनिटं असतात, दुपारच्या उन्हात त्याहून कमी. पहिल्या वेळी मी एकदम वाटीभर कालवली, निम्मी पत्र्यावर गेली आणि निम्मी वाटीतच दगड झाली. त्यानंतर लिंबाएवढा गोळा घेऊन काम केलं. थर तीन-चार मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. खोल असेल तर दोन वेळा भरायची.

आणि लांबी कोरडीच घासायची. आपल्याकडं पाणी मारून वॉटर पेपर चालवायची सवय असते, त्यानं धूळही उडत नाही. पण लांबी सच्छिद्र असते, ती पाणी पिते. ते पाणी रंगाखाली अडकलं की काही महिन्यांनी फोड येतात. मी ८० नंबरच्या खरखरीत पेपरनं आकार दिला, मग १२०, १८०, २४०, आणि शेवटी ३२०. पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या चरा उमटतात, म्हणून लाकडी ठोकळ्याला गुंडाळला आणि तिरपा, एकदा या अंगानं एकदा त्या अंगानं चालवला. सपाटी बघायची मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. त्यांनी धोतराचं जुनं तलम फडकं पत्र्यावर ठेवलं आणि त्यावरून तळहात फिरवला. उघड्या हाताला जे कळत नाही ते फडक्याखाली लगेच कळतं. डोळे मिटून त्यांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं. "हितं आणि हितं." दोन्हीकडं खरंच खोलगट होतं.

उघड्या पत्र्यावर आधी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर लहान ब्रशनं लावला होता, लांबी त्याच्यावर. नंतर करड्या प्रायमरचे तीन हात स्प्रेनं. तो वाळल्यावर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारला आणि ६०० नंबरनं पाणी लावून घासलं. इथं पाणी चालतं, कारण लांबी आता प्रायमरखाली बंद झालेली असते. जिथं काळे ठिपके राहतात तिथं खड्डा, जिथं खालचा पत्रा चमकतो तिथं उंचवटा. ही युक्ती केली नसती तर रंग मारल्यावर उन्हात दारावर लाटा दिसल्या असत्या.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. माझा झेड-टू-एस, म्हणजे सिल्की सिल्व्हर. लक्ष्मीपुरीत रंगाच्या दुकानात त्या कोडप्रमाणे मिसळून स्प्रेच्या डब्यात भरून घेतला. तरीही तेरा वर्षं उन्हात राहिलेली चांदी आणि डब्यातली नवी चांदी एक नसते. दुकानात गाडीच घेऊन गेलो, पेट्रोलच्या झाकणाचा आतला भाग न दाखवता बाहेरच्या रंगाशी नमुना जुळवून घेतला.

चंदेरी रंगाची खरी अडचण तो मारताना कळते. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. थर ओला, जड बसला की कण खाली बुडतात आणि रंग काळपट दिसतो. लांबून, कोरडा बसला की कण वर पडून राहतात आणि पांढुरका दिसतो. डबा तोच, हात वेगळा, की छटा वेगळी. जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर तीन संध्याकाळी सराव केला तेव्हा हात बसला. वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर, पॅनलच्या बाहेर सुरुवात करून बाहेरच संपवायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्या पट्ट्यावर चढवायचा आणि दोन थरांच्या मध्ये पंधरा मिनिटं थांबायचं. ज्यांची गाडी साधी पांढरी आहे त्यांना हा ताप नाही, त्यांनी बिनधास्त करावं.

फेंडरवर मी एक चूक केली. मास्किंग टेप सरळ चिकटवून तिथंच रंग थांबवला. टेप काढल्यावर कडेला पायरी राहिली आणि ती आजही तिरप्या उन्हात दिसते. दारावर मात्र मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे टेपची कड उलटी दुमडली आणि रंग विरळ होत होत पुढं नेला, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) पूर्ण दारावर मारला. तो जोड मला स्वतःलाही शोधावा लागतो.

वेळ आणि जागा यांचं सांगतो, कारण हे इथलंच आहे. फेब्रुवारीत नदीकाठच्या भागात सकाळी दव असतं. दमट हवेत क्लिअर मारला की त्यावर दुधासारखी सफेदी चढते. दुपारनंतर वारा सुटतो, आणि हंगाम चालू असल्यानं गुऱ्हाळांच्या चिपाडाची काजळी हवेत असते. पहिल्या दिवशी चार वाजता क्लिअर मारला आणि दहा मिनिटांत त्यावर काळे कण बसले. ते घासून पुन्हा मारावं लागलं. मग सकाळी दहा ते बारा हीच वेळ ठरवली, धूळ-काजळी अडावी म्हणून शेडच्या तिन्ही बाजूंना जुन्या चादरी ओल्या करून टांगल्या आणि जमिनीवर पाणी मारलं. घरात बंब असेल तर तो पूर्ण विझल्याशिवाय थिनरचा डबा उघडू नका. थिनरची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि निखाऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आमच्याकडं त्या रविवारी सगळ्यांनी गार पाण्यानं आंघोळ केली.

क्लिअरचे दोन प्रकार मिळतात. हार्डनर मिसळायचा तो जास्त टिकाऊ आणि चकचकीत. पण त्यात आयसोसायनेट असतं. त्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढं थोड्याशा वाफेनंही त्रास होतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क तिथं काही कामाचा नाही. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात. घरात माझी सात वर्षांची मुलगी आहे, शेजारी म्हातारी माणसं आहेत. मी तो प्रकार आणला नाही, साधा एकेरी, बिनहार्डनरचा क्लिअर वापरला, तोही वाफेसाठीच्या फिल्टरचा मास्क लावून. त्याची किंमत काय पडली ते पुढं आहे, पण हा निर्णय मी पुन्हाही असाच घेईन.

आता आठ महिन्यांनंतरची स्थिती.

दार उत्तम आहे. पावसाळ्यात गाडी रोज बाहेर होती, तीन वेळा गगनबावडा करून आली. फोड नाही, चीर नाही, लांबीची कड वर आलेली नाही. मूळ रंगाच्या मानानं चमक थोडी कमी आहे. एप्रिलमध्ये २००० नंबर आणि रबिंग कंपाउंड मारलं तेव्हा आरसा झाला होता, पण एकेरी क्लिअर ती चमक धरून ठेवत नाही. रबिंग करताना दाराच्या धारेवर अगदी सांभाळा. कारखान्यातला सगळा रंग मिळून मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग असतो, धारेवर तो त्याहून पातळ. मी एका जागी चार फेरे जास्त मारले आणि प्रायमर दिसला.

पेट्रोलच्या झाकणाखाली डाग पडलाय. पंपावर टाकी भरताना थेंब ओघळले, मी फडक्यानं पुसले आणि फडक्यावर रंगच आला. एकेरी क्लिअर पेट्रोलला टिकत नाही. तुमचं काम झाकणाच्या आसपास असेल तर हे धरून चाला.

बंपरचा कोपरा मे महिन्यातच गेला. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी जवळून मारलं आणि तळहाताएवढा रंग सालीसारखा निघाला. दोष धुणाऱ्याचा नाही. बंपर प्लॅस्टिकचा, त्यावर आधी प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लागतो, आणि मी उरलेला करडा प्रायमरच मारला होता. जूनच्या आधी पुन्हा केला, योग्य प्रायमर लावून. तो अजून जागेवर आहे.

आणि दाराखालचा पत्रा. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. तिथं ट्रॉली लागलीच नव्हती. रंगाखाली दोन बारीक फुगवटे होते, म्हटलं हातासरशी करून टाकू. खरवडलं, गंज दिसला तो घासला, गंज रोखणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं, पत्रा काळा झाला, वर लांबी आणि रंग. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "वरनं काय दिसतंय ते सोड. आतनं आलाय का बघ." मी बघितलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी रुपयाएवढा फोड आला. नखानं दाबला तर आतून तपकिरी पाणी आलं. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीखाली झोपून त्या पत्र्याची पाणी जायची भोकं दाखवली. तिन्ही बंद. बारीक तार घालून उकरलं तेव्हा राखाडी, बारीक, वाळून घट्ट झालेला गाळ पडायला लागला. तळहातावर घेतला आणि लगेच ओळखला. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा गाडी अर्ध्या चाकापर्यंत बुडाली होती. नंतर सर्व्हिसिंग केलं, आतल्या मॅट बदलल्या, सीटखाली वाळवलं. या पोकळ पत्र्याच्या आत गाळ बसलाय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो गाळ प्रत्येक पावसाळ्यात ओला होत होता आणि पत्रा आतून खात होता. बाहेरून लावलेला कुठलाही रंग तिथं काय करणार?

म्हणून २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांची गाडी पाण्यात होती, त्यांना कळकळीनं सांगतो, रंगकामाचा विचार करायच्या आधी गाडीखाली जाऊन ही भोकं बघा. दहा मिनिटांचं काम आहे. दारांच्या खालच्या कडेलाही अशीच भोकं असतात, तीही.

पुन्हा असं काम निघालं तर पोचा काढणं, लांबी, घासणं आणि प्रायमर मी घरीच करीन. मजुरीचा मोठा भाग याच मेहनतीचा असतो, आणि ती सावकाश केली तर गॅरेजपेक्षा चांगली होते, कारण आपल्याला दुसऱ्या गाडीची घाई नसते. चंदेरी रंग आणि क्लिअर मात्र बूथमध्ये देईन. तयार गाडीवर नुसते रंगाचे थर मारून द्यायला काही जण तयार होतात, मी विचारून ठेवलंय. आतून गंजलेला पत्रा घरी अजिबात करणार नाही. तो कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो.

दिवाळीनंतर दाराखालचा पत्रा कापायला गाडी देतोय. मिस्त्री बरोबर येणार आहेत. जुना तुकडा टाकून द्यायचा नाही, आतून किती खाल्लाय ते मला बघायचंय म्हणून सांगून ठेवलंय, आणि नवा बसला की आत मेण फवारून मगच भोकांना रबरी टोप्या लावायच्या की उघडीच ठेवायची, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात उघडी ठेव.