कंबरेचे एक बक्कल आणि बाकी सगळा कॅरियर: माथेरानपासून तुळजापूरपर्यंतचा अनुभव

एप्रिलमध्ये माथेरानच्या सहलीसाठी घेतलेल्या कापडी बेबी कॅरियरचे, म्हणजे मूल पाठीवर किंवा समोर बांधून नेण्याच्या झोळीवजा वस्तूचे, कंबरपट्ट्याचे बक्कल दिवाळीच्या सुट्टीत तुळजापुरात तुटले, आणि तेवढे एक बक्कल मिळवण्यासाठी कंपनीशी जी ओढाताण करावी लागली, तिच्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. कॅरियर किती प्रकारे बांधता येतो, कापड कोणते, खिसे किती, ही माहिती खरेदीच्या वेळी सगळेच वाचतात, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. आमचा कॅरियर सांगाडा नसलेला, जाड कंबरपट्ट्याचा, १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठीचा आहे आणि त्याला ३,२०० रुपये पडले. परभणीसारख्या गावात लेकरू उचलण्याच्या वस्तूसाठी एवढी रक्कम मोजणे घरात सहज पटत नाही. सासूबाईंनी विचारले होते, "कडेवर घ्यायला पट्टा कशाला लागतो माय?" प्रश्न रास्त होता, आणि म्हणूनच या वस्तूने प्रत्येक रुपयाचे काम करून दाखवावे अशी माझी पहिल्या दिवसापासून अपेक्षा होती.

बाबागाडी आमच्याकडे आधीपासून होती, परंतु माथेरानला ती नेण्यात अर्थ नव्हता. तेथे मोटारींना बंदी असल्यामुळे सगळी वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि बाजारपेठ तेथून अडीच-तीन किलोमीटर आत आहे. जवळच्या अमन लॉज स्थानकापासून छोटी गाडी मिळते, ई-रिक्षाही आता धावतात, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्हींसाठी रांगा लागतात. शिवाय गावात पोहोचल्यानंतर शार्लट तलाव असो, इको पॉइंट असो की लुईझा पॉइंट, जायचे ते बहुतांशी पायीच. रस्ते जांभ्या दगडाचे, तांबड्या मातीचे, मध्येच झाडांच्या मुळांनी उचललेले. लहान चाकांची बाबागाडी अशा वाटेवर ढकलण्यापेक्षा उचलूनच न्यावी लागते. त्यातच घोड्यांच्या टापांनी उडणारी लाल धूळ जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सर्वांत दाट असते, आणि बाबागाडीतल्या मुलाचे तोंड नेमके त्याच उंचीवर येते. पाठीवरचे मूल या धुळीच्या बरेच वर राहते, ही एकच गोष्ट मला कॅरियरच्या बाजूने पुरेशी वाटली.

प्रवासात कॅरियरचा खरा उपयोग कल्याण स्थानकात झाला. परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरायचे आणि तेथून कर्जतच्या लोकलने नेरळ गाठायचे, असा आमचा बेत होता. झोपलेले दीड वर्षाचे मूल, दोन बॅगा आणि जिना, हे सगळे सांभाळताना दोन्ही हात मोकळे असणे म्हणजे काय, हे त्या पुलावर कळले. नेरळहून वर जाणाऱ्या दोन फुटी रुळांच्या, १९०७ पासूनच्या गाडीत मात्र कॅरियर सोडून मुलीला मांडीवरच घ्यावे लागते, कारण पाठीवर मूल बांधून बाकावर बसता येत नाही आणि समोर बांधले तर तिला खिडकीबाहेर काही दिसत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कॅरियरबद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते. मी मुलीला समोर बांधत होते, कारण चेहरा दिसत राहावा असे कोणत्याही आईला वाटते. परंतु दहा किलोंचे मूल समोर असले की स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि माथेरानच्या वाटेवर पाऊल कोठे पडते आहे हे न पाहता चालणे धोक्याचे आहे. पाठही भरून येत होती. ‘यापेक्षा कडेवर घेतलेले बरे’ असे घरी कळवण्याच्या बेतात असतानाच आम्ही तिला पाठीवर घ्यायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून माझे मत पूर्ण बदलले. कंबरपट्टा नाभीच्या रेषेत न बांधता थोडा खाली, कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसवायचा आणि खांद्याचे पट्टे त्यानंतर ओढायचे. या क्रमाने बांधल्यास वजनाचा मोठा भाग हाडांवर जातो आणि खांद्यांना फक्त तोल सांभाळावा लागतो. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लेकरू कडेवर घेतात ते याच हाडावर टेकवून. कॅरियर तेच वजन दोन्ही बाजूंना वाटून देतो आणि त्यामुळे कंबर एकीकडे वाकत नाही. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले.

मुलाची बैठक कशी असावी, यावर तडजोड करू नये. गुडघे नितंबांपेक्षा किंचित वर आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार, अशी बेडकासारखी बैठक खुब्याच्या सांध्यासाठी योग्य मानली जाते. पाय सरळ खाली लोंबकळत असतील तर तो कॅरियर मुलाला लहान पडतो आहे. मूल झोपल्यावर हनुवटी छातीला टेकत नाही ना, हे वारंवार पाहावे लागते. पाठीवर असताना ते पाहण्यासाठी आम्ही मोबाइलचा पुढचा कॅमेरा वापरत असू.

माकडांविषयी मात्र कोणत्याही माहितीपत्रकात एक ओळ नाही. माथेरानची माकडे हातातले खाणे हिसकावतात हे सगळ्यांना माहीत असते, पण पाठीवरच्या मुलाच्या हातात बिस्किट असेल तर ते तुम्हाला दिसत नाही आणि माकडाला दिसते. एका माकडाने मागून झडप घातली तेव्हा यांनी वेळीच वळून तोंड फिरवले, म्हणून पुढचे टळले. कॅरियरमध्ये असताना मुलाच्या हाती खाण्याची कोणतीही वस्तू द्यायची नाही, हा नियम आम्ही त्या क्षणापासून आजपर्यंत पाळला आहे.

उकाड्याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. मूल आणि मोठे माणूस यांची शरीरे एकमेकांना चिकटलेली असतात आणि दोघांनाही घाम येतो. डोंगरावर सावलीत, सकाळी आणि संध्याकाळी हे सहन होते. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे असताना दुपारी कॅरियर घराबाहेर वापरणे मुलासाठी योग्य नाही, मग कापड जाळीदार असल्याचा कंपनीचा दावा काहीही असो. पावसाळ्यात वेगळी अडचण येते: धुतलेला कंबरपट्टा आतल्या फोममुळे लवकर वाळत नाही आणि अर्धवट ओला बांधला तर वास येतो.

माथेरानहून परतल्यावर ही वस्तू कपाटात पडून राहील असे वाटले होते, ते खोटे ठरले. शनिवारच्या बाजारापासून गणपतीच्या गर्दीपर्यंत सगळीकडे ती उपयोगी पडली. औंढा नागनाथला मात्र गाभाऱ्यात उतरताना कॅरियर सोडावाच लागतो. खाली जाणारी वाट इतकी अरुंद आणि बुटकी आहे की पाठीवरच्या मुलाचे डोके आपटल्याशिवाय राहणार नाही. तुळजापुरात पायऱ्या उतरून देवळात जायचे असल्याने कॅरियरला पर्यायच नव्हता, आणि नेमके तेथेच बक्कल तुटले.

दर्शन करून पायऱ्या चढताना यांनी पुढे वाकून पिशवी उचलली आणि कंबरपट्टा एकदम सैल झाला. खांद्याचे पट्टे आणि छातीवरचा आडवा पट्टा लावलेला होता, मी मागेच होते आणि मुलीला दोन्ही हातांनी धरले, त्यामुळे तिला काहीही झाले नाही. निवांत बसून बक्कल पाहिले तेव्हा त्याच्या दोन दातांपैकी एक मुळापासून तुटलेला होता.

या बक्कलाविषयी मी लांबण लावते आहे असे कोणाला वाटेल, परंतु संपूर्ण कॅरियरचा भार ज्या एका जागी एकवटतो ती जागा हीच आहे. पाठीवरच्या दप्तराचे बक्कल तुटले तर पुस्तके पडतात. येथे आत मूल असते. अशा बक्कलात एका भागाला दोन लवचीक दात असतात आणि ते दुसऱ्या भागातल्या खाचांत जाऊन अडकतात. दोन्ही दात बसले की स्वच्छ ‘टक’ असा आवाज येतो. एक दात तुटला तरी दुसरा खाचेत बसतोच, थोडा बारीक आवाजही होतो आणि सरळ ओढून पाहिल्यास बक्कल लागलेले भासते. ताण तिरका आला की मात्र ते निसटते, आणि वाकताना ताण नेहमी तिरकाच येतो. म्हणजे तुटलेले बक्कल तुटलेले दिसत नाही, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. माथेरानची लाल माती खाचांत साचल्यामुळे ‘टक’ आवाज तेव्हाच मंद झाला होता. आम्ही ते जुन्या टूथब्रशने घासून साध्या पाण्याने धुतले आणि आवाज पूर्ववत झाला. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते हे सर्वज्ञात आहे, तरी कॅरियर सावलीत वाळवावा अशी सूचना माहितीपत्रकात कोठेही नाही. उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या, घराबाहेर वापरण्याच्या वस्तूबरोबर ही सूचना असायलाच हवी.

कंपनीला छायाचित्रे आणि बिल पाठवले. पहिले उत्तर आले की वॉरंटी शिलाई आणि कापड यांपुरतीच आहे, प्लास्टिकचे भाग तिच्यात येत नाहीत. मी लिहिले की मला फुकट काही नको, बक्कल विकत द्या. त्यावर सुटे भाग विकले जात नाहीत असे कळवले गेले. कंबरपट्टा तरी वेगळा मिळेल का, या प्रश्नाला उत्तर म्हणून नव्या कॅरियरवर सवलतीचे कूपन आले. फोनवर बोलणारी मुलगी सभ्य होती आणि तिच्या हाती काही नव्हते हे मला समजते, म्हणून माझा राग तिच्यावर नाही. कापड शाबूत, शिलाई शाबूत, फोम शाबूत, आणि एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी ३,२०० रुपयांची वस्तू टाकून द्यावी असे सुचवणे मला मान्य नाही. आमच्या घरी फाटलेल्या चादरीची गोधडी होते. तुटक्या बक्कलासाठी चांगला कॅरियर कचऱ्यात जाणार नाही.

शेवटी स्टेशन रोडजवळच्या बॅग दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने पट्टा मोजला, तो दीड इंची निघाला, म्हणजे ३८ मिलिमीटर. शाळेच्या दप्तराचे पातळ बक्कल त्यांनी स्वतःहूनच बाजूला ठेवले आणि ट्रेकिंगच्या सॅकला लावतात तसे जाड बक्कल काढले. दातांचा भाग पट्ट्यात नुसता ओवलेला असल्याने लगेच बदलला गेला, परंतु नव्या दातांना जुनी खाच बसेना, त्यामुळे दुसरा भागही बदलणे आले, आणि तो कंबरपट्ट्याच्या थरांत शिवून टाकलेला होता. त्यांनी शिवण उसवली, नवा भाग बसवला आणि नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन व त्यात फुली अशी शिलाई जाड मशीनवर घातली. ओझ्याच्या पट्ट्यांना हीच शिलाई लागते, असे त्यांनी सांगितले. बक्कलाचे ३० आणि मजुरीचे ९० रुपये झाले. घरी आणून आम्ही मुलीच्या वजनापेक्षा जास्त ज्वारी पिशवीत भरून कॅरियरमध्ये बसवली, यांनी ती पाठीवर घेऊन जिना चढ-उतार केला, वाकून पाहिले, आणि शिलाई कोठेही सरकली नाही याची खात्री झाल्यावरच मुलीला त्यात बसवले. त्याशिवाय बक्कलावरून जाणारा रुंद इलॅस्टिकचा एक फासही शिवून घेतला आहे, म्हणजे बक्कल निसटले तरी पट्टा पूर्ण सुटणार नाही.

आज मुलगी बारा किलोंच्या जवळ आहे आणि कॅरियर अजून आठवड्यातून एकदा तरी निघतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती मर्यादेत राहिली तर म्हैसमाळला न्यायचा विचार आहे. दीड-दोन वर्षांचे मूल घेऊन डोंगरावर जाणाऱ्यांना मी कापडी कॅरियर घ्या असेच सांगेन, मात्र घेताना रंग आणि खिसे पाहण्याआधी कंबरेचे बक्कल हातात घेऊन पाहा. दोन्ही भाग पट्ट्यात ओवलेले असतील तर ते कोणत्याही गावात बदलता येतात. एखादा शिवून टाकलेला असेल तर तेवढी मजुरी किमतीत धरा. छातीचा पट्टा नसलेला कॅरियर घेऊ नका, आणि प्रत्येक वेळी बांधल्यावर बक्कल सरळ तसेच तिरके, दोन्हीकडे ओढून पाहा.

कंपनीला मी शेवटचे पत्र लिहिले त्यात दोनच मागण्या केल्या आहेत: प्रत्येक कॅरियरसोबत एक जादा बक्कल द्यावे, आणि तेही जमत नसेल तर पट्ट्याची रुंदी माहितीपत्रकावर छापावी, म्हणजे ग्राहकाला आपल्या गावच्या दुकानात ते मागता येईल. उत्तर अजून आलेले नाही.