आरव्हीचा पाण्याचा पंप: शुअरफ्लो 4008 सीझनभर वापरल्यानंतर

निकाल आधी सांगून टाकतो. आमच्या सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आरव्हीचाच एक प्रकार) एप्रिलमध्ये शुअरफ्लो कंपनीचा 4008 पंप बसवला, म्हणजे ट्रेलरच्या टाकीतलं पाणी नळांपर्यंत ढकलणारा, थंडी पडेपर्यंत वापरला, आणि उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हाच घेईन. पण पंपाच्या नावाने आपण जी बोंब मारतो, त्यातली बरीचशी त्याला जोडलेल्या पाइपांची असते. नवा पंप घ्यायला निघालेल्याने हे पैसे मोजण्याआधी वाचावं.

जुन्या पंपावरचं लेबल केव्हाच उडालं होतं, त्यामुळे तो कुणाचा हे माहीत नाही. लक्षणं दोन होती. रात्री एकही नळ उघडा नसताना तो सेकंदभर घुर्र करायचा, गप्प बसायचा, आणि थोड्या वेळाने परत तेच. याचा अर्थ लाइनमधला दाब कुठूनतरी निसटतोय. मग एकतर कुठेतरी थेंब थेंब गळती आहे, नाहीतर पंपाच्या तोंडाशी असलेला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गेलाय आणि पाणी उलटं टाकीत परततंय. खुलासा दुसऱ्या लक्षणाने केला. कॅम्पग्राउंडच्या नळाला होज जोडून बसलो की काही वेळाने ट्रेलरखाली पाणी वाहायला लागायचं: टाकी आपोआप भरून ओव्हरफ्लो. बाहेरच्या नळाचं पाणी पंपातून उलटं घुसत होतं. मात्र काही ट्रेलरमध्ये टाकी भरण्याचा वेगळा व्हॉल्व्ह असतो, आणि तो गळत असला तरी अगदी हेच होतं. आधी तो तपासा, उगाच चांगला पंप फेकू नका.

आता निवड. दुकानात गेलं की डोळे जातात ते जीपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती गॅलन. 4008 चा आकडा 3, साधारण साडेअकरा लिटर. शेजारी 4 आणि 5 गॅलनवाले ठेवलेले असतात आणि मन तिकडे ओढ घेतं. पण हे आकडे नळ पूर्ण मोकळा असतानाचे. दाब वाढला की प्रवाह घटतो. शिवाय अमेरिकेत शॉवरहेडला कायद्यानेच मिनिटाला 2.5 गॅलनची मर्यादा आहे आणि ट्रेलरमधले शॉवर बहुधा त्याहूनही कमी पाणी सोडतात. आमची टाकी 40 गॅलनची, म्हणजे 150 लिटर. शेनँडोआ नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप (जागेवरच पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी) नाहीत, असाटीग बेटावरच्या नॅशनल सीशोअरमध्येही नाहीत. तिथे धो धो पाणी देणारा पंप म्हणजे टाकी लवकर रिकामी आणि सांडपाण्याची टाकी लवकर फुल्ल. एक बाथरूम, एक सिंक असेल तर तीन गॅलन पुरतात. कुणी शॉवरखाली असताना सिंकचा नळ सोडला तर आतून ओरडा ऐकू येतो, तेवढं मान्य करून चाला. दोन बाथरूमच्या मोठ्या मोटरहोमवाल्यांनी खुशाल व्हेरिएबल स्पीडचा विचार करावा. किंमत दुप्पट-तिप्पट, पण नळ जेवढा उघडाल तेवढ्याच वेगाने पंप फिरतो. 4008 मला शंभर डॉलरच्या आत मिळाला.

दाबाचा आकडा मात्र नीट बघून घ्या. हा 55 पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं एकक) थांबतो आणि दाब 40 च्या आसपास उतरला की परत सुरू होतो. आत बायपास (जादा पाणी पंपातच परत फिरवणारी वाट) असल्यामुळे नळ अर्धवट उघडला तरी सारखं चालू-बंद होत नाही. भांडी घासताना आपण नळ बारीक सोडतो ना, तिथे हे जाणवतं.

आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहितो. उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आले होते. पार्कमध्ये रात्री दहानंतर शांततेचा नियम. जनरेटर बंद, सगळीकडे चिडीचूप, आणि रात्री कुणी फ्लश केला की पलंगाखाली धडधड. सकाळी आईने विचारलं, "अरे, हे रात्री ट्रॅक्टर चालू करतात का रे इथे?" नवा पंप जुन्यापेक्षा शांत होता, पण फार नाही. पलंगाची फळी उचलून, बायकोला नळ सोडायला सांगून, हात लावून बघितलं तर पंपाचं अंग नुसतं गुणगुणत होतं. थरथरत होता तो त्याच्या तोंडातून निघालेला कडक पेक्स (एक प्रकारचं प्लॅस्टिक) पाइप. तो दोन क्लिपांनी थेट प्लायवुडला ठोकलेला, त्यामुळे अख्खी फळी वाजत होती. डायफ्रॅम पंप (आतला रबरी पडदा हलवून चालणारा, हाही तसाच) पाणी ठोक्याठोक्याने ढकलतो, कुठलाही घ्या. मग दोन्ही बाजूंना दीड-दोन फुटांचे लवचिक होज टाकले, त्यांना सैल वळण दिलं, क्लिपा काढून पाइपाखाली फोम घातला. पंपाच्या चार रबरी पायांचे स्क्रूही थोडे सैल केले, कारण रबर चेपलं की ते असून नसून सारखं. त्यानंतर आईची झोप मोडली नाही. या सगळ्याचा खर्च पंपाच्या निम्म्याहून कमी. पंप चालत असेल आणि फक्त आवाजाचा त्रास असेल तर आधी हे करा, पंपाला हात लावू नका.

बसवणं सोपं: दोन वायरी, दोन होज, चार स्क्रू. जुनी भोकं जुळतीलच असं नाही, ड्रिल जवळ ठेवा. पंपाचे आटे अर्ध्या इंचाचे, प्लॅस्टिकचे. हाताने आवळायचे, पाना लावून जोर करायचा नाही. आणि आपल्याकडे प्लंबर जिथे तिथे गुंडाळतो ती पांढरी टेप इथे अजिबात नको. तिचा तुकडा पंपात ओढला गेला तर व्हॉल्व्हमध्ये अडकतो. वॉशरवाल्या फिटिंगला तिची गरजही नसते.

पंपाच्या आधी गाळणी लावाच. माझ्या खोक्यात नव्हती, वेगळी घेतली, पारदर्शक वाटीची. पहिल्याच महिन्यात तिच्यात पांढरे, कुरळे प्लॅस्टिकचे तुकडे जमले. टाकीला कारखान्यात भोक पाडताना निघालेला कीस इतकी वर्षं टाकीतच होता. जुन्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह कशाने गेला असेल याचा अंदाज तिथे आला.

आता खास आपल्या लोकांसाठी. टॉयलेटला जेट स्प्रे बसवलाय का? आमच्याकडे बसवलाय, त्याशिवाय बाबा ट्रेलरमध्ये चढलेच नसते. पण त्याचा होज सतत 55 पीएसआयच्या दाबाखाली राहतो आणि स्वस्तातला ट्रिगर हळूहळू गळायला लागतो. गळला की पंप परत रात्री घुर्र करणार आणि तुम्ही नव्या पंपाला शिव्या घालणार. त्याच्या आधी छोटा स्टॉप व्हॉल्व्ह लावा आणि वापर झाला की बंद करण्याची सवय सगळ्यांना लावा, पाहुण्यांनासुद्धा. गाडी रस्त्यावर असताना पंपाचं बटणही बंदच हवं. धक्क्याने एखादी फिटिंग निसटली तर टाकीभर पाणी गालिच्यावर येतं.

बॅटरीची काळजी लोक फार करतात. पंप भरात असताना साडेसात अँपिअर खातो हे खरं, पण पाच मिनिटांच्या अंघोळीला जेमतेम 0.6 अँपिअर-तास होतात. थंड रात्री फर्नेसचा (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या हीटरचा) पंखा कितीतरी जास्त ओढतो. पंप दमल्यासारखा वाटला तर तो चालू असताना त्याच्या वायरींवर मल्टीमीटर लावा. व्होल्टेज फार खाली दिसलं तर दोष वायरिंगचा किंवा बॅटरीचा.

न्यू जर्सीच्या थंडीत विंटरायझेशन, म्हणजे पाइपांत पाणी गोठू नये म्हणून करायची तयारी, टाळता येत नाही. वॉटर हीटर वाटेतून वगळून गुलाबी अँटीफ्रीझ (न गोठणारं द्रव) पंपानेच ओढून घेतलं, प्रत्येक नळातून गुलाबी पाणी येईपर्यंत. जेट स्प्रे विसरू नका, त्याच्या होजमध्येही पाणी असतं. कॉम्प्रेसरच्या हवेने लाइन रिकामी करणाऱ्यांनी पंपाचे दोन्ही होज सोडून तो काही सेकंद कोरडा फिरवावा, नाहीतर पंपाच्या डोक्यात उरलेलं पाणी गोठून तडा जातो. डायफ्रॅम पंपाला एवढं कोरडं चालणं बाधत नाही. गाळणीची वाटी मात्र हाताने काढून रिकामी करा, पाणी राहिलं तर ती हमखास फुटते. तिची रबरी रिंग एक जादा घेऊन ठेवा. ती नीट बसली नाही तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.