क्लाराचं पत्र आणि माझे साडेसतराशे युरो

सोळा वर्षं फ्रँकफुर्टमध्ये राहतोय. नामवंत पियानोवादक क्लारा शूमान याच गावात 1878 पासून होख कॉन्झर्व्हेटोरियम या संगीतशाळेत पियानो शिकवायची आणि 1896 साली इथेच गेली. चाळिशीत मी पियानोशी झटापट सुरू केली, तेव्हापासून ती मला गाववालीच वाटायला लागली होती. ऑनलाइन लिलावात तिच्या हातचं पत्र दिसलं आणि माझी अक्कल गहाण पडली.

पत्रावर लिहिलं होतं ‘ड्युसेलडॉर्फ, मे 1855’. तिच्या नवऱ्याने, संगीतकार रॉबर्ट शूमानने, 1854 च्या फेब्रुवारीत ऱ्हाइन नदीत उडी घेतली होती. नावाड्यांनी वाचवलं, आणि त्यानंतर त्याला बॉनजवळ एन्डेनिशच्या मनोरुग्णालयात ठेवलं. हे मला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं, हाच घोळ. विक्रेत्याने पत्राचं टंकलिखित वाचन जोडलं होतं, त्यात एक ओळ होती: ‘काल रॉबर्टला भेटून आले, त्याने माझा हात सोडला नाही.’ ती वाचून घसा दाटला आणि बोट बटणावर गेलं. बोली 1400 ला थांबली, वर 25 टक्के कमिशन.

मूळ पत्र मला वाचता येत नव्हतं. ते जुन्या जर्मन कुरेंट लिपीत होतं. आपल्याकडे मोडीचं जे झालंय तेच इथे कुरेंटचं, आजच्या जर्मन माणसालाही ती सहसा वाचता येत नाही. म्हणजे मी विकत घेतलं होतं ते विक्रेत्याने टाइप केलेलं पान.

दोन महिन्यांनी जुन्या हस्तलिखितांत आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त बाईंना ते दाखवलं. लिपी बघण्याआधी त्यांनी तारीख बघितली, मग ती ओळ, आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरांनी क्लाराला नवऱ्याला भेटूच दिलं नव्हतं. त्यांचा मित्र, तरुण संगीतकार ब्राह्म्स जाऊन भेटत होता, नवरा-बायकोत काही काळ पत्रंही चालली, पण ती स्वतः त्याला भेटली थेट 27 जुलै 1856 ला. दोन दिवसांनी तो गेला. म्हणजे मी ज्या ओळीवर भाळलो, तीच लबाडी होती. पण बनवणाऱ्याला गिऱ्हाईक अचूक कळलं होतं.

मग बाईंनी भिंग दिलं. कागद खरोखर जुना होता. जुन्या पुस्तकांतली कोरी पानं फाडून वापरतात म्हणे. पण घडीवरून जिथे अक्षर गेलं होतं, तिथे शाई मोडलेल्या धाग्यांत फुटून पसरली होती. माणूस आधी पत्र लिहितो, मग घडी घालतो. इथे घडी आधीची, शाई नंतरची. पाच मिनिटांचं काम, आणि विकत घेण्याआधी घडीचा मोठा फोटो मागितला असता तर फुकटात झालं असतं. त्सविकाऊच्या शूमान संग्रहालयाला विचारायचंही सुचलं नाही. एन्डेनिशच्या काळातलं असं पत्र 1400 ला का सुटतंय, हा प्रश्न तर आमच्या हिने तेव्हाच विचारला होता. मी म्हणालो, तुला संगीतातलं काय कळतं. (ते वाक्य अजून महाग पडतंय.)

लिलाववाल्यांनी वर्णनातल्या एका शब्दावर बोट ठेवलं: ‘त्सूगेश्रीबन’. म्हणजे तिचं मानलं जाणारं. तिचंच, असं त्यांनी कुठे म्हटलंच नव्हतं. शिवाय तक्रारीची मुदत 30 दिवसांची. विक्रेता कोण, हे सांगणार नाहीत. मूळ मालकाबद्दल ‘ऱ्हाइनकाठचा खासगी संग्रह’ एवढंच लिहिलेलं. ना नाव, ना जुनी पावती.

शेवटी पोलिसात तक्रार दिली. कोण ही क्लारा शूमान, असं विचारतील म्हणून मी सगळं सांगायच्या तयारीत होतो. समोरचे साहेब पन्नाशीचे. नाव लिहिता लिहिता थांबले, म्हणाले, “युरोच्या आधीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर होती, तीच ना?”

तीच म्हटलं.